नव्या घरात आवाजानं बोलायचं

"मला घेऊन जा. कपडे भरून ठेवलेत."

ताईनं फोनवर एवढंच लिहून पाठवलं होतं. नव्या घरात जाऊन तिला जेमतेम महिना झाला होता. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तिचे तेवढेही धड गेले नव्हते. मी ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. पासष्टी ओलांडलेल्या बाईला मुलाचं घर सोडून धाकट्या बहिणीकडे यावंसं वाटतं, म्हणजे त्या घरात काहीतरी नासलेलं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघाले. सून कामावरून येईपर्यंत थांबायचं, तिला चार शब्द सुनावायचे आणि ताईला घेऊनच परत यायचं, असं मी वाटेतच ठरवून टाकलं होतं. काय काय बोलायचं याची उजळणीही चालू होती.

ताई म्हणजे कोण ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझी ताई ठार बहिरी आहे, आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात तिच्याइतकं बोलणारं दुसरं कुणी नाही. मी स्वतः आयुष्यभर बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसले. "गाडी कधी लागणार" या एका प्रश्नाला उत्तरं देऊन देऊन माझा घसा बसला आणि स्वभावही गेला. तरी ताईच्या तोंडापुढे माझं तोंड काहीच नाही.

ती कापडगिरणीत मागावर होती. मागखात्यात एकदा यंत्रं सुरू झाली की शेजारच्या माणसाच्या कानात बोंब मारली तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं ओरडायच्या भानगडीत पडत नाहीत. ती ओठांनी बोलतात. घशातून आवाज काढायचाच नाही, जबडा चांगला मोकळा सोडायचा आणि एकेक शब्द ओठांवर मांडायचा. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूच्या कागाळ्या सांगायची आणि मधे उभ्या असलेल्या मुकादमाला पत्ता लागायचा नाही. लांबच्या बाईचं लक्ष वेधून घ्यायचं असेल तर माग पुसायचं फडकं हवेत एकदा झटकायचं. ताईच्या लग्नाची बोलणीसुद्धा अशीच झाली. भावोजी त्याच खात्यात दुरुस्तीचं काम करायचे. त्यांनी यंत्राखालून डोकं बाहेर काढून विचारलं आणि हिनं चार माग पलीकडून हो म्हटलं.

तिचे कान कधी गेले ते तिला कळलंच नाही, कारण कामावर त्यांची गरज नव्हती आणि घरीही नव्हती. घरात सगळे ओठांनीच बोलायचे. मुलगा त्यातच वाढला. मी त्यांच्याकडे राहून शिकले तेव्हा मलाही ती सवय लागली. आमच्याकडची भांडणंसुद्धा बिनआवाजाची. शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, काय समंजस कुटुंब आहे. आत काय चाललंय ते आम्हाला ठाऊक. पुढे गिरणी बंद पडली, भावोजी गेले, पण बोलायची ही रीत घरात तशीच राहिली. ताईला आवाज काढून बोलता येतं, न यायला काय झालं, पण तिचा आवाज आता सपाट आणि मोठा आहे. दुकानात ती कोथिंबीर कशी दिली विचारते तेव्हा रस्त्यापलीकडची माणसं वळून बघतात.

मग नात झाली. तिचं पाळण्यातलं नाव कुणाच्या लक्षात नाही, सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. ताईचा मुलगा ट्रकवर, आठवडाभर बाहेरगावी. सून एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घेते. तेव्हा भिंगरी दिवसभर आजीजवळ. ती आवाजात "आई" म्हणायला शिकली त्याच्या आधी ओठांनी "आजी" म्हणायला शिकली. आजी हवी असली की ही पोर रडायची नाही, हाकही मारायची नाही. आजीला दिसेल अशा ठिकाणी जाऊन उभी राहायची आणि ओठ हलवायची. जुन्या घरात ते सोपं होतं. दोन खोल्या, खाली लाकडी फळ्यांची जमीन. पोर धावली की ताईच्या तळपायाला कळायचं. दार वाजलं, भांडं पडलं, कुणी जिना चढलं, सगळं तिला जमीन सांगायची. परका माणूस दोन दोन दिवस राहून गेला तरी त्याला ती बहिरी असल्याचा संशय यायचा नाही.

घर बदललं ते शाळेपायी. भिंगरीला एका चांगल्या शाळेत न्यायचं ठरलं. तिथल्या बाईंनी समोर बसवून नाव विचारलं. भिंगरीनं सांगितलं. पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. आणखी मोठं तोंड करून सांगितलं. आवाज मात्र अजिबात नाही. समोरची बाई साडी नेसलेली, केस पांढरे, चष्मा आजीसारखा. पोरीला वाटलं, यांच्याशी असंच बोलतात. बाईंनी सुनेला बाजूला घेऊन फार गोड शब्दांत सांगितलं की मुलीला डॉक्टरला दाखवा.

सून त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहून रडली. तिला लागलं ते मी समजू शकते. ज्या बाईचं पोट आवाजावर चालतं तिच्या पोरीला लोक मुकी म्हणाले. पोरीला आवाजात बोलतं करायला शाळेनं वर्ष संपेपर्यंत मुदत दिली. मग शाळेजवळ, तिच्या ऑफिसापासून दोन चौकांवर, नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं, आणि सामानाच्या गाडीतून उतरता उतरताच सुनेनं लेकीला बजावलं, "नव्या घरात आवाजानं बोलायचं. आजीशीसुद्धा. नुसते ओठ हलवलेस तर मी रागावेन."

तिचं सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आवाजानं बोलताना माणसाला ओठ हलवायची फार गरज पडत नाही. भिंगरी धावता धावता, पाठ फिरवून, तोंडात बोट घालून बोलायला लागली आणि ताईला त्यातला एक शब्द कळेना. दोनदा तिनं "काय?" विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटायला लागली. मग ती सगळ्यालाच "हो, हो" म्हणायला लागली. भिंतीवर चित्र काढू? हो. साबणाचं पाणी पिऊ? हो. सून संध्याकाळी येऊन बघायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. खालची जमीनही नवी, गुळगुळीत लादी, मुकी. दाराची घंटा वाजली की दिवा लागेल असं काहीतरी बसवून देतो म्हणून मुलगा सांगून गेला होता, ते राहिलं. घर फिरलं की वासे फिरतात, तशातली गत. एके रात्री मुलगा आणि सून जेवताना काहीतरी बोलत होते. सूनबाईचं तोंड ताटाकडे होतं, पण मुलाचं ताईकडे होतं. त्याच्या ओठांवर तिनं वाचलं, "तिच्यावर पोर सोडणं आता धोक्याचंच आहे." तिनं जेवण संपवलं, ताट घासलं आणि मला निरोप लिहिला.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दुपारी मी लिफ्टमधून बाहेर आले तेव्हा डोक्यात फक्त राग होता.

ताई बंद दारासमोर उभी होती. हात धुळीनं माखलेले. रिकामी खोकी खाली कचऱ्याच्या जागी टाकायला ती गेली होती. जुन्या घराचं दार लोटून ठेवलं की लोटलेलंच राहायचं. हे नवं दार वाऱ्यानं आपटतं आणि त्याचं कुलूप आपोआप लागतं. आपटल्याचा आवाज सगळ्या मजल्यानं ऐकला असेल, तिला सोडून. किल्ली आत खुंटीवर.

"दार लागलं," ती मला म्हणाली. "ती आत एकटी आहे."

मी दाराला कान लावला. आत भिंगरी काहीतरी गुणगुणत होती. मी हाक मारली तर खुशीत ओरडली, "मावशीआजी!" मला जरा धीर आला. कुलपाची कळ उंचावर, तिचा हात पोचण्यातला नव्हता. मी तिला म्हटलं, "दाराजवळच बस हं, आई येतेच आहे." सुनेला फोन लावला. "निघते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. आता फक्त थांबायचं होतं.

पण माणसं थांबू देतील तर ना. शेजारच्या दारातून बनियनवाले एक काका बाहेर आले. काय झालं, कसं झालं, तुम्ही कोण, हे सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "अहो, नुसत्या उभ्या काय राहता?" आणि त्यांनी दारावर दणादण हात मारायला सुरुवात केली. "बाळ, खालची कडी दिसते का? ती सरकव बघू!"

पोर आज्ञाधारक. तिनं कडी सरकवली. खट्. उघडीच होती ती, आता लागली.

म्हणजे आता किल्ली आली तरी दार उघडणार नव्हतं. मी काकांकडे असं बघितलं की चौकशीच्या खिडकीवर त्या नजरेनं माणसं रांग सोडून पळायची. काका काही हलले नाहीत. ते आणखी जोरात ओरडायला लागले, "उलटी, उलटी सरकव!" वरच्या मजल्यावरून दोन माणसं उतरली, त्यांनीही दारावर हात मारले. अनोळखी माणसांना दार उघडायचं नाही, हाही नव्या घराचा एक नियम होता. आतून रडणं ऐकू आलं. मग पावलं पळाल्याचा आवाज. मग काहीच नाही.

ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला कुणीच काही सांगत नव्हतं. शेवटी तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"काय झालं?"

मी ओठांनी सांगितलं.

"ती रडतेय का?"

"नाही. आता आवाज थांबला."

काका म्हणाले, "झोपली असेल हो, रडून रडून झोपतात मुलं." मला ते पटलं. ताईचा चेहरा मात्र उतरला. तिनं ते वाक्य काकांच्या ओठांवर वाचलं होतं.

"झोपलेली नाही," ती म्हणाली. "ती मला शोधतेय. मी हवी असले की ती आवाज करत नाही. मला दिसेल तिथं जाऊन उभी राहते." आणि दुसऱ्याच क्षणी, "खिडकी."

बैठकीच्या खोलीची खिडकी इमारतीच्या आतल्या चौकावर उघडते. कचरा टाकायला आजी खाली गेली की तिथून दिसते. खिडकीला जाळी बसायची होती. जाळीवाला आज येतो, उद्या येतो करत होता. आणि न उघडलेली खोकी, पुस्तकांची, भांड्यांची, हिवाळी कपड्यांची, त्याच खिडकीखाली भिंतीला लावून रचली होती. कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून. चार वर्षांच्या पोरीला तो जिनाच होता.

लिफ्ट कुठल्यातरी वरच्या मजल्यावर अडकलेली. ताई जिन्यानं निघाली. तिचे गुडघे दुखतात, ती एकेक पायरी बसल्यासारखी उतरते. त्या दिवशी मी मागे पडले. खाली पोचल्यावर मी चौकात धावणार तोच तिनं मला दंडाला धरून भिंतीशी ओढलं.

"वर बघ. तू पुढे जाऊ नकोस. मी खाली दिसले तर ती खाली वाकेल."

मी वर बघितलं. चौथ्या मजल्यावरची काच सरकवलेली होती. खोक्यांवर गुडघे टेकून, दोन्ही हात खिडकीच्या काठावर ठेवून भिंगरी चौकात आजीला शोधत होती. डोकं बाहेर होतं.

"समोरून," ताई म्हणाली. "तिच्या उंचीवरून."

भिंतीच्या कडेकडेनं आम्ही पलीकडच्या इमारतीत शिरलो. लिफ्ट खाली होती. चौथ्या मजल्यावर जे दार समोर आलं ते मी वाजवलं. केस धुतलेली, खांद्यावर टॉवेल घेतलेली एक बाई आली. कोण, काय, काही विचारायच्या आत ताई तिच्या घरात शिरून थेट खिडकीशी गेली. मी दोन वाक्यांत सांगितलं. बाईच्या हातातून कंगवा पडला. महिनाभर ही बाई आमच्या बैठकीतलं सगळं बघत होती, भिंगरीला हात हलवून दाखवत होती, आणि आमच्यातल्या कुणाला तिचं तोंडही माहीत नव्हतं. घर बदलल्यावर आपण आधी पडद्याचं माप घेतो. समोर कोण राहतं ते विचारायला जात नाही.

मधे चौकाची रुंदी, एखाद्या गल्लीएवढी. भिंगरी अजून खालीच बघत होती. मला राहवलं नाही. मी ओरडले, "भिंगरे, मागे हो!"

चौकात आवाज घुमला. तिला शब्द कळले नाहीत. "काय?" ती म्हणाली, आणि नीट ऐकू यावं म्हणून आणखी पुढे आली.

ताईनं माझ्या पाठीत रट्टा घातला. आयुष्यात पहिल्यांदा. "आवाज बंद. आवाजाच्या दिशेनं ती वाकतेय."

तोवर खाली माणसं जमली होती. "अगं मागे सर! कुणाची पोर आहे? मागे सर!" प्रत्येक हाकेला ती खाली बघायची. केस धुतलेल्या बाईनं माझ्याकडे बघितलं, काय करायचं ते ओळखलं, टॉवेल खुर्चीवर टाकला आणि तशीच ओल्या केसांनी त्यांना गप्प करायला जिन्यानं धावली. तिनं खाली काय केलं माहीत नाही, हात जोडले की शिव्या दिल्या, पण चौक शांत झाला. कुणीतरी अग्निशमनवाल्यांना फोन केला होता. गाडी निघाली होती म्हणे.

ताईनं त्या बाईचा खुर्चीवर टाकलेला टॉवेल घेतला आणि खिडकीतून एकदा झटकला. एकदाच. भिंगरीनं मान वर केली. समोर आजी. ती हसली, आणि आनंदानं उभी राहिली. एक पाऊल खिडकीच्या काठावर.

मी डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटून राहवेना.

ताईच्या चेहऱ्यावर घाबरल्याची रेघ नव्हती. ती हसत होती. जबडा मोकळा सोडून, शब्द ओठांवर मांडत तिनं सांगितलं, "बाळा, खाली बस."

भिंगरीनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तळवा घट्ट दाबून धरला आणि मान हलवली. मग हात जरासा काढून मोठ्यानं ओरडली, "आई म्हणाली आवाजानं बोलायचं!" आणि पुन्हा हात ठेवला.

"काय म्हणाली?" ताईनं मला विचारलं. हातामुळे तिला दिसलं नव्हतं.

मी सांगितलं. तिनं एकदा डोळे झाकले. पुन्हा टॉवेल झटकला, पुन्हा ओठ हलवले. या खेपेला पोरीनं तोंडच फिरवलं. आज्ञाधारकपणाचा इतका संताप मला कधी आला नव्हता. आंधळ्यापुढे नाचू नये आणि बहिऱ्यापुढे गाऊ नये म्हणतात, पण तोंड फिरवलेल्या माणसापुढे ओठ हलवण्याइतकं लाचार काही नसेल. तिचा एक हात काचेच्या चौकटीला, दुसरा तोंडावर, एक पाय काठावर. आणि खालचं खोकं, पुस्तकांवर ठेवलेलं कपड्यांचं, तिच्या वजनानं हळूहळू दबत होतं.

मागून धापा टाकत कुणीतरी आलं. सून. किल्ली हातात, गिऱ्हाइकांशी बोलायचं ते कानाचं यंत्र गळ्यात तसंच लटकलेलं. दार उघडत नाही हे बघून, खाली त्या केस धुतलेल्या बाईनं सांगितलं म्हणून ती इकडे आली होती. तिनं समोर बघितलं. छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

ताईनं तिच्या तोंडावर हात दाबला. मागावर काम केलेला हात, त्यातून आवाज सुटण्याची सोय नाही. सूनबाईनं धडपड केली, ताईनं तिला भिंतीशी दाबून धरलं. मला वाटलं, आता या दोघींची इथेच जुंपणार.

"ओरडशील तर ती तुझ्याकडे झेपावेल," ताई म्हणाली. हे तिनं तिच्या त्या सपाट आवाजात म्हटलं, पण जेवढं हळू जमेल तेवढं हळू. "माझं ती ऐकत नाही. तुझा शब्द मोडत नाही ती. तू सांग तिला. ओठांनी सांग."

हात काढल्यावर सून म्हणाली, "मला नाही येत." तिचे डोळे भरले होते. "आई, मला नाही हो येत."

खरंच येत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्यानं आणि सासूनं तिच्यासमोर तोंडं हलवली, ती बघत राहिली. कुणी तिला बसवून शिकवलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. हे मला तेव्हा तिथे उभ्या उभ्या कळलं. वाटेत केलेली उजळणी सगळी विसरले.

ताईनं तिला खिडकीशी उभं केलं आणि टॉवेल झटकला. आईला बघून भिंगरीचे दोन्ही पाय हलले. सुनेनं ओठ हलवले. काही उमटेना. पोर नुसती बघत राहिली. ताईनं सुनेचा जबडा हातात धरला, कणीक मळताना धरतात तसा, आणि खाली ओढला. "मोठं. घाई नको. एकेक शब्द."

"आजीशी," सून म्हणाली. आवाजाशिवाय. "ओठांनी. बोल."

भिंगरीचा हात तोंडावरून खाली आला. तिनं आईकडे बघून काहीतरी विचारलं. बिनआवाजाचं, लांबलचक, तिच्या त्या सराईत ओठांनी.

सून ताईकडे वळली. "काय म्हणते? काय म्हणते ती?"

"विचारतेय, रागावणार नाहीस ना."

सुनेनं नकारार्थी मान हलवली, हलवतच राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसतही नव्हती, कारण हात तोंडासमोर आला असता.

मग ताईनं पोरीला ताब्यात घेतलं. त्याला दुसरा शब्द नाही. "माझ्याकडे बघ. पाय आत. खाली बस." पाय आत गेला. "आता माझ्याकडे पाठ कर." पण पाठ केल्यावर तिला पुढचं सांगता येणार नव्हतं. म्हणून पाठ करायच्या आधीच तिनं सगळं सांगून ठेवलं. "पलंगावरून उतरतेस तशी उलटी उतर. मग दाराशी जाऊन बस. आई दारावर टकटक करेल. फक्त आई. मग कडी चपलांच्या बाजूला सरकव. कुठल्या बाजूला?"

"चपलांच्या," भिंगरीच्या ओठांनी सांगितलं.

"जा."

ती वळली. खोकं कलंडलं. तिचं डोकं दिसेनासं झालं. मागोमाग खोकं पडल्याचा आवाज आला, तो मी ऐकला, ताईनं नाही. सून तोवर जिन्यात पोचली होती, तिच्या चपलांची फटफट खालपर्यंत ऐकू येत होती.

समोर रिकामी खिडकी. ताईनं माझं मनगट धरलं. "काही ऐकू येतंय का?"

"नाही."

"रडतेय का?"

"नाही, ताई."

"नीट ऐक."

मी ऐकत होते. बस लागायच्या वेळेच्या गोंगाटातून मी गाडीचे नंबर टिपलेले आहेत, पण इतकं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. खालच्या माणसांची कुजबुज. कुठेतरी नळ. लांबून अग्निशमनवाल्यांचा भोंगा जवळ येत होता, आणि मला वाटत होतं तो थांबावा, म्हणजे मला कडी ऐकू येईल. एवढ्या लांबून कडी ऐकू येणार नव्हतीच. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काही बोलत नव्हते, तरी ती माझ्या ओठांवरून नजर काढत नव्हती.

मग तिचं लक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे गेलं आणि तिनं माझं मनगट सोडलं.

समोरच्या खिडकीत सून उभी होती. भिंगरी कडेवर, गुडघ्याला खरचटलेली, बाकी शाबूत. सुनेनं आधी पायानं खोकी बाजूला सारली. मग काच ओढली, ओढता ओढता थांबली आणि पुन्हा थोडी उघडली. तिनं आमच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. आवाज काढला नाही. खरं तर आता कितीही ओरडली असती तरी चाललं असतं. पोर कडेवर होती, हातात घट्ट होती. तरी तिनं ओठांनीच म्हटलं. तोंड वाकडं झालं, पहिला शब्द गिळला गेला, दुसरा अर्धाच उमटला. तिनं पुन्हा सुरुवात केली.

"आई. घरी या."

चौकात माणसं माना वर करून उभी होती. मग ताई माझ्याकडे वळली आणि तिच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात, साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "जबडा हलतच नाही हिचा. फार शिकवावं लागणार आहे हिला."

आणि ती घरी जायला निघाली.